आण इकडे, मी करून देतो

आईच्या उशाशी औषधांचा एक जुना पत्र्याचा डबा असतो. तीन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत एका लग्नानिमित्त मी अकोल्याहून बडनेऱ्याला गेलो होतो, तेव्हा सहज म्हणून तो डबा उघडला आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी हातात घेतली. तीस वर्षे वैद्यकी केल्यामुळे गोळ्या मोजणे ही बोटांची सवयच झाली आहे. त्या तारखेपर्यंत जेवढ्या गोळ्या संपायला हव्या होत्या, त्याच्या निम्म्याच संपल्या होत्या. रक्तदाब मोजला. वरचा आकडा १९६, खालचा १०४.

"एकाआड एक घेतो," आई म्हणाली. "चक्कर नाही, डोकं दुखत नाही, मंग रोज काहून खावाची?"

हे उत्तर मी रुग्णांकडून शेकडो वेळा ऐकले आहे आणि ते खरे नसते हेही मला ठाऊक आहे. थोड्या वेळाने खरे कारण बाहेर आले. दोन महिन्यांपासून निवृत्तिवेतन जमा झाले नव्हते. वडील रेल्वेत होते. त्यांच्या पश्चात आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. नोव्हेंबरात ती हयातीचा दाखला देण्यासाठी एका बँकेच्या शाखेत गेली. यंत्रावर अंगठा ठेवला, उमटला नाही. तर्जनी ठेवली, नाही. दहाही बोटे झाली. काउंटरवरच्या मुलाने, उर्मटपणे नव्हे, नुसते घाईने सांगितले की आजी, मुलाला घेऊन या. ती आठ दिवसांनी पुन्हा गेली, तेव्हाही तेच. तिसऱ्यांदा गेली नाही.

"मी त्याच्या समोर बसली आहो, पण जित्ती आहो हे मशीनले पटत नाही," ती हसत म्हणाली. आणि मग, जरा थांबून, "तुले काहून तरास देऊ म्हटलं, बापू."

वाचकहो, या प्रसंगातील माझा वाटा अजून सांगायचा राहिला आहे. काही वर्षांपूर्वी आईच्या खात्याशी फोन क्रमांक जोडायचा होता, तेव्हा मी तिच्या हातातून अर्ज घेतला होता आणि म्हटले होते, "आण इकडे, मी करून देतो." तिचा क्रमांक लिहिण्याऐवजी माझा लिहिला. तिला संदेश वाचता येणार नाहीत, ओटीपीचा गोंधळ होईल, माझ्याकडे असलेले बरे, असा माझा सद्हेतु होता. परिणामी बँकेचे सगळे संदेश शंभर किलोमीटर दूर, अकोल्याला, माझ्या फोनवर येत राहिले. त्या रात्री शोध घेतला. दाखला दिला नसल्याची आठवण करून देणारे दोन संदेश माझ्या फोनमध्ये होते. दवाखान्याच्या गर्दीत, जाहिरातींच्या ढिगाऱ्यात, मी ते उघडलेही नव्हते.

या स्तंभात आपण गुडघ्यांविषयी, झोपेविषयी, मूत्राशयाविषयी बोलत आलो आहोत. आज फोनविषयी बोलतो आहे, कारण आईचा १९६ हा आकडा मिठामुळे वाढला नव्हता.

प्रथम बोटांविषयी. वयोमानाने त्वचेतील लवचीकपणा आणि ओलावा कमी होतो, बोटांवरील उंचवटे सपाट होतात आणि ठसा घेणाऱ्या यंत्राला रेषा व त्यांमधली खोलगट जागा वेगळी दिसेनाशी होते. वऱ्हाडात यात आणखी भर पडते. आईचे माहेर दर्यापूरकडचे. लग्नाआधीची तिची सगळी दिवाळी कापूस वेचण्यात जायची. उकललेल्या बोंडाच्या वाळलेल्या पाकळ्यांची टोके किती तीक्ष्ण असतात, हे ज्यांनी वेचणी केली त्यांनाच माहीत. त्यानंतर चाळीस वर्षे राखेने भांडी घासली. कर्करोगावरील काही औषधांनीही, विशेषतः कॅपेसिटाबिनने, तळहाताची त्वचा सोलवटून ठसे पुसट होऊ शकतात. थोडक्यात, ज्यांनी आयुष्यभर हाताने काम केले, नेमके त्यांचेच हात यंत्राला ओळखू येत नाहीत. शिवाय दाखल्याचा महिना नोव्हेंबर, म्हणजे थंडी सुरू होऊन हात कोरडे पडण्याचाच काळ. जाण्यापूर्वी हात कोमट पाण्याने धुऊन, थोडे तेल किंवा मलम चोळून, मग स्वच्छ पुसून घेतले तर ठसा उमटण्याची शक्यता वाढते. एक बोट चालले नाही तर दुसरे ठेवून पाहावे.

पण बोटे मुळीच उमटली नाहीत तरी काही अडत नाही, आणि हेच आईला कोणी सांगितले नव्हते. डिजिटल हयातीच्या दाखल्याची 'जीवन प्रमाण' ही सोय १० नोव्हेंबर २०१४ रोजी सुरू झाली. त्यात नोव्हेंबर २०२१ पासून चेहरा दाखवूनही दाखला देता येतो. त्यासाठी वृद्धाकडे स्मार्टफोन असण्याचीही गरज नाही. घरातील कोणाच्याही अँड्रॉइड फोनवर 'जीवन प्रमाण' आणि 'आधार फेस आरडी' ही दोन अ‍ॅप घेतली, आधार क्रमांक, निवृत्तिवेतनाच्या आदेशाचा म्हणजे पीपीओचा क्रमांक आणि खाते क्रमांक दिला, की उजेडात बसून चेहरा दाखवायचा आणि सांगितल्यावर पापण्या मिटून उघडायच्या. पैसे पडत नाहीत. एकाच फोनवरून आजी, आजोबा आणि शेजारच्या काकू अशा सर्वांचे दाखले देता येतात. फोन नको असेल तर पोस्टमन घरी येऊन हे काम करतो. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेची ही सेवा २०२० पासून आहे आणि तिचे शुल्क ७० रुपये ठरवलेले आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जुना कागदी दाखलाही रद्द झालेला नाही. त्या दिवशी त्या काउंटरवर एक छापील अर्ज आणि एका अधिकाऱ्याची सही एवढ्याने काम झाले असते. दाखला उशिरा दिला म्हणून निवृत्तिवेतन बुडत नाही. दिल्यावर थकबाकीसह पुन्हा सुरू होते. आईचेही तसेच झाले. पण मधल्या काळात तिने आपल्या औषधात काटकसर केली होती, आणि रक्तदाब हा असा विकार आहे की पक्षाघात होईपर्यंत तो पुष्कळदा काही बोलतच नाही. आपल्याही घरात एखाद्या ज्येष्ठाच्या गोळ्या अचानक पुरू लागल्या असतील, तर कौतुक करू नका. त्यांच्या खात्यात पैसे येत आहेत का, ते आधी पाहा. हाताशी पैसा नसेल तर रक्तदाबाच्या गोळ्या शासकीय रुग्णालयात मोफत मिळतात. निम्मी करून खाण्याची वेळ कोणावर येऊ नये.

आईला रेल्वेचे निवृत्तिवेतन आहे, घर आहे, डॉक्टर मुलगा आहे. श्रावणबाळ योजनेच्या महिना १,५०० रुपयांवर ज्यांचे मीठमिरची चालते, त्यांनाही दरवर्षी हयात असल्याचे सिद्ध करावे लागते आणि त्यांचे अनुदानही आता आधारला जोडलेल्या खात्यातच जमा होते. त्यांच्या डब्यातल्या गोळ्या मोजायला कोण येतो?

आपल्या अमरावती जिल्ह्याला या बाबतीत एक मोठा मान मिळालेला आहे. मेळघाटातील, धारणी तालुक्यातील हरिसाल हे गाव २०१६ मध्ये देशातील पहिले डिजिटल गाव म्हणून गाजले. राज्य शासन आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या सहकार्याने तिथे इंटरनेट आले. दूरचित्रवाणीच्या वापरात नसलेल्या लहरींवरून ते दुर्गम भागात पोहोचवण्याचे तंत्र वापरले गेले, आणि आरोग्य केंद्राला दूरवैद्यकाची जोड मिळाली. कल्पना चांगलीच होती. परतवाड्याहून सेमाडोहमार्गे घाट चढताना ज्याने एकदा रुग्ण खाली आणला आहे, त्याला पडद्यावर भेटणाऱ्या तज्ज्ञाची किंमत सांगावी लागत नाही. पण पुढच्या दोन-तीन वर्षांत तिथे गेलेल्या पत्रकारांना बंद पडलेली यंत्रणा आणि तुटक जोडणी दिसली, आणि २०१९ च्या निवडणुकीत तर हरिसाल हा भाषणांचा विषय झाला. त्या वादात मला पडायचे नाही. मला इतकेच दिसते की मनोरा उभा करण्याला मुहूर्त असतो, उद्घाटन असते. त्यानंतर रोज सकाळी यंत्र सुरू करून, घरी कोरकू बोलणाऱ्या आजीला मराठी पडद्यावर काय लिहिले आहे ते तिच्या भाषेत सांगणाऱ्या माणसाची नेमणूक मात्र कोणाच्या लक्षात राहत नाही.

आता एक सरकारी तपशील सांगतो. तो कळला तेव्हा मी थक्क झालो होतो. ग्रामीण भारताला डिजिटल साक्षर करण्यासाठी २०१७ मध्ये 'प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान' सुरू झाले. सहा कोटी कुटुंबांतील प्रत्येकी एकाला शिकवायचे, असे उद्दिष्ट होते, आणि संख्येच्या दृष्टीने ते पूर्णही झाले. त्या अभियानाची वयोमर्यादा होती १४ ते ६०. एकसष्टाव्या वर्षी माणसाने शिकायचे नाही! ज्या वयात निवृत्तिवेतन सुरू होते, हयातीचा दाखला सुरू होतो, दवाखान्याच्या फेऱ्या सुरू होतात, नेमक्या त्या वयाच्या उंबरठ्यावर वर्गाचे दार बंद. मोजणीचेही तेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील सुमारे ३८ टक्के स्त्रियांनी कधीतरी इंटरनेट वापरल्याचे आढळले; पुरुषांत हे प्रमाण ६१ टक्क्यांच्या पुढे होते. दरी मोठीच आहे. पण या पाहणीतील स्त्रिया १५ ते ४९ वयाच्या. माझ्या आईला हा प्रश्न कोणी विचारलाच नाही.

आपल्या वऱ्हाडाची रीत अशी नव्हती. स्वतः शाळेची पायरी न चढलेले गाडगेबाबा, अमरावती जिल्ह्यातल्याच शेंडगावचे, हातात खराटा घेऊन गावोगाव शिक्षणाचे महत्त्व सांगत फिरले. १९७८ नंतरच्या प्रौढ शिक्षण वर्गांत कंदिलाच्या उजेडात पाटीवर 'ग' गिरवणाऱ्या साठीच्या बाया मी लहानपणी पाहिल्या आहेत. त्यांना कोणी जन्मदाखला मागितला नव्हता. सध्या चालू असलेल्या 'उल्लास' या नवभारत साक्षरता कार्यक्रमात पंधरा वर्षांपुढील सर्वांना प्रवेश आहे आणि जीवनकौशल्यांत डिजिटल साक्षरतेचाही समावेश आहे. आपल्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत त्याची चौकशी अवश्य करा.

तथापि, वर्ग कोठे आहे हे शोधण्यापूर्वी घराकडे वळू या, कारण माझ्या मते सर्वांत रुंद दरी घरातच असते. आजोबा फोन हातात घेऊन चष्मा वरखाली करत असतात. नातू शेजारून येतो, चार सेकंदांत चार ठिकाणी बोट लावतो आणि फोन परत देतो. काम झाले. पुढच्या महिन्यात तेच काम पुन्हा निघते, आणि नातू आता पुण्याला असतो. चार सेकंदांत जे झाले ते आजोबांना दिसलेच नव्हते. दरवेळी असे घडले की म्हातारे माणूस विचारणे सोडून देते. आपण समजतो, त्यांना आवड नाही. आवड नसल्यामुळे नव्हे, तर आपण अडगळ होऊ नये म्हणून ते फोन बाजूला ठेवतात. आईने तिसऱ्यांदा बँकेत न जाण्याचे कारणही हेच होते.

त्या फेब्रुवारीनंतर मी एक नियम केला: शिकवताना फोन आईच्याच हातात राहील आणि माझे हात माझ्या मांडीवर. सांगायला सोपा, पाळायला महाकठीण. तिचे बोट चुकीच्या जागी जाताना दिसते आणि आपला हात आपसूक पुढे येतो. पत्नीने मला दोनदा हातावर चापट मारली आहे. आईने दोनशे पानी वही केली. त्यात तिच्या शब्दांत लिहिलेले असते: 'हिरवं चित्र दाबाचं. मंग खाली बाण दिसते.' मी लिहून दिलेल्या सूचना तिला कधीच समजल्या नाहीत, स्वतः लिहिलेल्या समजतात. एका आठवड्यात एकच गोष्ट. पहिली गोष्ट बँकेची नव्हती. नातीचा फोटो कसा मोठा करून पाहायचा, ही होती. दुसरी, तुकडोजी महाराजांची भजने कशी लावायची. ज्यात चुकले तरी काही बिघडत नाही, तिथून आरंभ करावा, असे अनुभवाने सांगतो.

बोलून मजकूर लिहिण्याची सोय तिला फार आवडली. मात्र फोन वऱ्हाडी शिकलेला नाही. एकदा तिने सुनेसाठी "मले गोया आणजो" असे म्हटले आणि इकडे अकोल्याला संदेश आला, 'मला गोवा आणजो'. आम्ही दोघे बराच वेळ विचार करत बसलो.

शरीराच्या काही गोष्टी शिकवणाऱ्याने जाणून घ्यायला हव्यात. कोरड्या त्वचेचा स्पर्श काचेच्या पडद्याला नीट कळत नाही, म्हणून आजी जोराने दाबतात; जोराने दाबले की बोट जास्त वेळ टेकते आणि फोन त्याचा वेगळाच अर्थ लावतो. अशा वेळी 'जरा हळू दाब' असे ओरडून उपयोग नाही. सेटिंगमध्ये 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' किंवा 'सुलभता' या भागात बोट किती वेळ टेकल्यावर दीर्घ स्पर्श समजायचा, ती मुदत वाढवता येते. हात थरथरणाऱ्यांना याचा फार उपयोग होतो. अक्षरे मोठी व ठळक करणे तेथूनच जमते. वयोमानाने आधी उंच पट्टीचा आवाज ऐकू येईनासा होतो, त्यामुळे पाखरांच्या किलबिलाटासारखी वाजणारी घंटी आजोबांना ऐकूच येत नाही. खालच्या पट्टीतला, जाडसर आवाज निवडावा. दुहेरी भिंगाचा चष्मा असणारे खालच्या भिंगातून पाहण्यासाठी मान मागे टाकतात आणि सायंकाळी मान दुखते म्हणून येतात. फोन छातीच्या खालच्या उंचीवर, मांडीवर उशी घेऊन धरला तर हा त्रास कमी होतो. मोतीबिंदू असेल तर आधी त्याची तपासणी करावी. पडदा धूसर दिसणाऱ्याला आपण 'डोक्यात शिरत नाही' असे म्हणत असतो.

या शिक्षणाने मेंदूला लाभ होतो का, असे काही वाचकांनी विचारले आहे. २०२५ मध्ये 'नेचर ह्यूमन बिहेविअर' या नियतकालिकात ५७ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात चार लाखांहून अधिक प्रौढांची माहिती होती, आणि डिजिटल साधने वापरणाऱ्यांत बौद्धिक ऱ्हासाची शक्यता बरीच कमी आढळली. आता, ज्यांचा मेंदू मुळात तल्लख तेच फोन वापरतात, असेही असू शकते. केवळ अशा अभ्यासांवरून कार्यकारणभाव ठरत नाही. पण फोनने म्हातारपणी डोके बिघडते, या सरसकट समजुतीला त्यात आधार मिळत नाही.

भीती मात्र खरी आहे, आणि ती हसण्यावारी नेऊ नये. निवृत्तिवेतनधारकांना 'तुमचा हयातीचा दाखला अद्ययावत करतो' असे सांगणारे फोन येतात. बोलणाऱ्याकडे नाव, पत्ता, पीपीओ क्रमांकही असतो, त्यामुळे विश्वास बसतो. खरा दाखला देण्यासाठी कोणतेही कार्यालय आपणहून फोन करून ओटीपी मागत नाही. 'डिजिटल अटक' नावाची कोणतीही गोष्ट आपल्या कायद्यात नाही. पोलिसी गणवेशातला माणूस पडद्यावर दिसला तरी फोन ठेवून द्यावा. पैसे गेलेच तर त्याच घटकेला १९३० वर कळवावे, कारण पहिल्या काही तासांत रक्कम अडवता येण्याची शक्यता अधिक असते. आणि फसवणूक झालेल्या वृद्धाला घरी कोणी रागावू नये. लाजेने लपवलेली फसवणूक पोलिसांपर्यंत उशिरा पोहोचते आणि त्या माणसाची झोप, भूक, साखर सगळेच बिघडवते. नुसते मन मोकळे करायचे असेल किंवा निवृत्तिवेतन, कायदा यांविषयी विचारायचे असेल, तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे.

घरच्या मंडळींनी या महिन्यात एक काम करावे, अशी माझी विनंती आहे. आपल्या ज्येष्ठांच्या आधारला आणि बँक खात्याला कोणाचा फोन क्रमांक जोडलेला आहे, ते पाहावे. पुष्कळदा तो परदेशी गेलेल्या मुलाचा, बंद पडलेला क्रमांक असतो. ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न काहीही असो, वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार देणारे 'आयुष्मान वय वंदना' कार्ड २९ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झाले. त्याची ओळखपडताळणीही आधारवरूनच होते. रुग्ण खाटेवर, मुलगा ओटीपीची वाट पाहत बाहेर, आणि ओटीपी भलत्याच कोणाच्या फोनवर, अशी तारांबळ टाळायची असेल तर क्रमांक आजच, धडधाकट असताना, आधार केंद्रावर जाऊन बदलून घ्यावा. चालता येत नसेल तर पोस्टमनकरवीही तो बदलता येतो.

आणि ज्यांना शिकणे शक्यच नाही? ज्यांना स्मृतिभ्रंश आहे, ज्यांची दृष्टी गेली आहे, ज्यांचा हात पक्षाघाताने उचलत नाही? २०२१ च्या लसीकरणाची आठवण करा. त्या फेब्रुवारीत अमरावतीत पुन्हा टाळेबंदी लागली होती, आणि १ मार्चपासून साठीपुढच्यांना लस सुरू झाली. ज्येष्ठांसाठी केंद्रावर जाऊन थेट नाव नोंदवण्याची वाट मोकळी ठेवलेली होती, म्हणून फोन नसलेले आजी-आजोबाही काठी टेकत रांगेत उभे राहिले. मे महिन्यात १८ ते ४४ वयोगटाला आधी केवळ पोर्टलवर नोंदणीची सक्ती झाली, तेव्हा ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांचे काय, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाला विचारावा लागला. मला यात एक साधी गोष्ट दिसते: पडद्याशेजारी एक खिडकी आणि खिडकीत एक माणूस असला की कोणी मागे राहत नाही.

ही खिडकी मागणे ही भीक नव्हे. बोट जुळले नाही म्हणून लाभ नाकारू नये, अन्य मार्गाने ओळख पटवावी, असे आधार प्राधिकरणाने २४ ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकातच सांगितले आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, आम्लहल्ल्यात चेहरा व डोळे गमावलेल्या आणि दृष्टिहीन व्यक्तींच्या याचिकांवर निर्णय देताना, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग असल्याचे म्हटले. पापणी मिटता येत नाही म्हणून कोणाची ओळख नाकारता येणार नाही. पक्षाघाताने पापणी न मिटणारे रुग्ण मी दर महिन्याला पाहतो. तेव्हा आपल्या माणसाचा ठसा उमटला नाही, चेहरा जुळला नाही, तर 'पुन्हा या' या उत्तरावर घरी परतू नका. दुसरा मार्ग कोणता ते विचारा. नाही म्हणाले तर ते लेखी मागा. आवाज चढवण्याची गरज नाही. लेखी मागितले की छापील अर्ज बहुधा सापडतो.

आईला गेल्या वर्षी ऐंशी पूर्ण झाली. ऐंशीपुढच्यांना हयातीचा दाखला १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, त्यासाठी नोव्हेंबरची वाट पाहावी लागत नाही. त्या दिवशी दुपारी ती ओसरीवर उजेडात बसली, समोर वही उघडी. मी शेजारी, हात मांडीवर. पहिल्या वेळी चष्मा काढायचा राहिला होता, ते तिच्याच लक्षात आले. दुसऱ्या वेळी पापण्या मिटल्या, उघडल्या, आणि काही क्षणांत तिच्याच फोनवर, तिच्याच क्रमांकावर, संदेश आला. तिने तो दोनदा वाचला, प्रमाणपत्राचा क्रमांक वहीत उतरवला, आणि चपला घालू लागली. कुठे निघालीस, असे मी विचारले.

"समोरच्या वहिनीची बोटंही उमटत नाहीत," ती म्हणाली. "तू बस, चहा ठेव. आन् हे पाय, तिचा फोन मी हातात घेणार नाही."